मिक्सरची खोळ

मनुष्य स्वतःच्या अंगावर वस्त्र घालतो त्याला कारणे पुष्कळ आहेत. थंडी, ऊन, लज्जा आणि शोभा ही त्यांतील ठळक होत. परंतु जिला थंडी वाजत नाही, ऊन लागत नाही आणि लाजही वाटत नाही अशा निर्जीव वस्तूस तो वस्त्र नेसवतो, तेव्हा त्याच्या मनात नेमके काय असते हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. घरातील कोणत्या वस्तू झाकलेल्या आहेत आणि कोणत्या उघड्या आहेत, एवढे पाहिले तरी त्या घराचे पुष्कळसे नीतिशास्त्र समजून येते.

आपल्या भाषेने या आच्छादनांची फार बारीक वर्गवारी करून ठेवली आहे. गादीला खोळ, उशीला अभ्रा, तंबोऱ्याला गवसणी, बैलाच्या पाठीवर झूल, भांड्याला झाकण आणि माणसाला पांघरूण. व्यवहारातून वाक्प्रचारात जाताना यांतील काही शब्दांना मोठी चमत्कारिक वळणे लागली. आकाशाला गवसणी घालणे हे थोर आकांक्षेचे लक्षण ठरले. चुकीवर पांघरूण घालणे हे बहुधा लबाडीचे आणि क्वचित मायेचेही. झाकल्या मुठीची किंमत सव्वा लाख करणाऱ्या म्हणीने तर मूठ रिकामी असावी असा दाट संशयही सुचवून ठेवला आहे. वेदान्त्यांनी मायेच्या दोन शक्ती सांगितल्या, त्यांतील पहिलीचे नावच आवरण. आणि ईशावास्योपनिषदातील ऋषी सत्याच्या मुखावरील सोन्याचे झाकण दूर व्हावे म्हणून पूषन् देवाची प्रार्थना करतो. तात्पर्य, झाकणे या क्रियेकडे आपल्या विचारवंतांनी संशयानेच पाहिले आहे, आणि गृहिणींनी मात्र तिला सद्गुण मानले आहे. दोघांपैकी कोणाचे खरे मानावे?

हा वाद तोलून पाहावयाचा तर उपनिषदापेक्षा स्वयंपाकघर अधिक सोयीचे. आणि तेथेही मी फार लहान वस्तू घेतो, ती म्हणजे मिक्सरवर घालावयाची कापडी खोळ.

पाटा-वरवंट्याला, खलबत्त्याला किंवा जात्याला धुळीपासून जपण्यासाठी खोळ शिवावी असे कोणाच्या मनात आल्याचे ऐकिवात नाही. वाटण संपले की पाटा धुऊन भिंतीशी उभा करावा, एवढीच त्याची निगा. दगडाला धुळीचे भय नाही. १९६० नंतरच्या दशकात सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याने, पत्नी माधुरी माथुर यांच्या स्वयंपाकघरातील परदेशी यंत्राने हिंदुस्थानी वाटणापुढे हात टेकल्यावर, ओले व कोरडे असे दोन्ही वाटील असे ‘सुमीत’ नावाचे यंत्र सिद्ध केले. पुढे मध्यमवर्गीयांच्या ओट्यावर मिक्सर स्थिर झाला, आणि त्याच्यामागोमाग त्याची खोळही आली. येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. जुनी शिवणयंत्रे पुष्कळदा आपले लाकडी झाकण बरोबर घेऊनच येत. कारखानदारानेच त्यांच्या निवाऱ्याची सोय केलेली असे. मिक्सर मात्र कागदी खोक्यातून उघडाच येतो. त्याला वस्त्र द्यावयाचे ते घरच्यांनी.

हे वस्त्र शिवणे शिवणकलेतील अगदी प्राथमिक काम होय. ज्याला सदऱ्याची बाही लावता येत नाही त्यालाही ते जमावे. भांड्यासह उभा असलेला मिक्सर साडेसतरा इंच उंच, ९ इंच रुंद आणि पुढून मागे ११ इंच खोल आहे असे समजू. खोळीची कड ओट्यावरच्या पाण्यात भिजू नये म्हणून ती अर्धा इंच वरच राहावी. यास्तव उंचीचे माप १७ इंचच धरावे. रुंदीत आणि खोलीत एकेक इंच सैलपणा ठेवावा, प्रत्येक शिवणीस अर्धा इंच आणि खालच्या दुमडीस एक इंच सोडावा. मग ११ इंच रुंद व ४८ इंच लांब अशी एक पट्टी कापावयाची. ती समोरून वर चढते, माथा झाकते आणि मागे उतरते. दोन बाजूंसाठी १३ इंच रुंद व साडेअठरा इंच उंच असे दोन तुकडे घ्यावयाचे. ३६ इंच पन्ह्याच्या कापडात हे सारे सव्वा मीटरात बसते आणि कडेला १२ इंचांची पट्टी उरते. कापड कोरे असेल तर दीड मीटर आणावे, आणि भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच त्याला कात्री लावावी. नाहीतर पहिल्या धुण्यानंतर खोळ आखूड होऊन तोकड्या परकरासारखी दिसू लागते. जुन्या पलंगपोसाचे किंवा सुती लुगड्याचे कापड मिळाल्यास फारच उत्तम. ते आटावयाचे तेवढे आधीच आटून गेलेले असते. आणि ज्या प्रांतात जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवून पिढ्यांनी थंडी घालवली, त्या प्रांतात यासाठी नवे कापड फाडणे मला तरी प्रशस्त वाटत नाही.

कसोटीची जागा एकच, माथ्याचे कोपरे. सरळ पट्टी तेथे काटकोनात वळावयाची असते आणि कापड आपण होऊन वळत नाही. म्हणून पट्टीच्या कडेला, शिवणीच्या रेषेपर्यंत परंतु रेषेला न छेदता, एक बारीक चीर द्यावी लागते. चीर धागाभर पुढे गेली तर कोपऱ्यात भोक पडते, धागाभर मागे राहिली तर चुणी येते. असे चार कोपरे साधले म्हणजे बाकीची शिवण सरळ धावते. सगळे मिळून तास-दीड तासाचे काम.

आता या दीड तासाने नेमके काय मिळते ते प्रामाणिकपणे पाहू. फोडणीच्या वाफेबरोबर उडणारे तेल आणि रस्त्यावरून येणारी धूळ यांचा मिळून जो चिकट थर बसतो, तो खोळ अडवते. यंत्राच्या खाचांत आणि बटणाच्या भोवती तो थर एकदा जमला की सहजासहजी निघत नाही, आणि हवा खेळण्यासाठी ठेवलेली छिद्रे बुजली तर मोटार अधिक तापते. एवढा लाभ खरा. परंतु मिक्सर धुळीने क्वचितच मरतो. भांड्यात शक्तीबाहेर हळकुंडे कोंबल्याने मोटार जळते. कार्बनचे ब्रश झिजतात. भांड्याच्या बुडातील बुश झिजून पाणी गळू लागते. कपलरचे दात जातात. यांतील एकाही व्याधीवर खोळ हे औषध नव्हे. उलट वापरून तापलेल्या यंत्रावर ती लागलीच चढवली तर आतली ऊब आणि ओल कोंडते. कोकणात आषाढ-श्रावणात दमट खोळीला बुरशी धरते, आणि अंधार व ऊब एकत्र मिळाल्यावर झुरळांना निराळे आमंत्रण द्यावे लागत नाही. प्लास्टिकच्या झालरी लावलेल्या ज्या तयार खोळी बाजारात मिळतात, त्या या बाबतीत सर्वांत वाईट. त्यांतून वारा वाहत नाही आणि त्यांच्यावरची मेणचट धूळ पुसण्याचे काम मात्र वाढते.

मग हिशेबी मनुष्य विचारील की एवढ्या अल्प लाभासाठी हा उपद्व्याप कशाला? यंत्र बिघडले तर दुसरे आणावे. हा प्रश्न सरळ आहे आणि त्याला उत्तरही सरळ दिले पाहिजे. माझे मत असे की येथे हिशेब करणाराच हिशेबात चुकतो, कारण तो फक्त स्वतःच्या पैशाचा हिशेब करतो. मोटारीतील तांब्याची तार कोणी खाणीतून काढली, कोणी ती ओढून बारीक केली, कोणी तिचे वेढे दिले. या सर्वांच्या आयुष्यातील काही तास त्या यंत्रात येऊन बसले आहेत. किंमत देऊन त्या तासांचा उपयोग घेण्याचा अधिकार मला मिळाला. ते मातीत घालण्याचा अधिकारही त्याच पावतीवर लिहिला आहे काय? रोमन कायद्यात एक मार्मिक कल्पना आहे. दुसऱ्याच्या वस्तूचा उपयोग घ्यावा, तिची फळे घ्यावीत, मात्र तिचे मूळ द्रव्य अबाधित राखावे, अशा मर्यादित हक्काला तेथे स्वामित्वाहून निराळे नाव व निराळे स्थान दिले होते. कायद्याने मी माझ्या मिक्सरचा संपूर्ण स्वामी असेन; परंतु नीतीच्या दृष्टीने प्रत्येक घडवलेल्या वस्तूशी आपले नाते या दुसऱ्या जातीचे आहे असे मला वाटते. ज्यांनी ती घडवली ते मागे आहेत, जे तिला पुढे वापरतील ते पुढे आहेत, आणि मध्ये काही वर्षे ती आपल्या ओट्यावर आहे.

येथे कोणी अपरिग्रहाचा मुद्दा काढील. वस्तूंना कपडे शिवत बसणारा मनुष्य वस्तूंचा दास झाला, विरक्ताच्या झोपडीत खोळ कशाला, असे तो म्हणेल. आक्षेप भारदस्त आहे, परंतु मला तो अर्धाच पटतो. पतंजलीने यमांत अपरिग्रह सांगितला तो साठा न करण्याविषयी. हेळसांड करण्याविषयी नव्हे. ज्याला दुसरी वस्तू घ्यावयाची नाही त्याने पहिली सांभाळलीच पाहिजे. बेफिकीर मनुष्य विरक्तासारखा दिसतो खरा, पण त्याच्या बेफिकिरीमागे दुकान सदैव उघडे असल्याची खात्री उभी असते. ते दुकान बंद करा, म्हणजे त्याची विरक्ती किती टिकते ते दिसेल.

तथापि खोळीची बाजू इतकी घेतल्यावर तिच्या विरुद्ध जे सांगावयाचे ते अधिक जोराने सांगितले पाहिजे, कारण आपल्या मध्यमवर्गीय घरांचा खरा दोष हेळसांडीचा नाहीच. आपण वस्तू फेकत नाही. आपण त्या जपून जपून मारतो. १९७२ साली मुंबईस दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले, तेव्हा घरोघर जे संच आले त्यांतील पुष्कळांना लाकडी सरकती दारे होती, त्या दारांना कुलूप होते, वर विणलेला रुमाल होता आणि रुमालावर फुलदाणी होती. कोचावरचे प्लास्टिक वर्षानुवर्षे न काढणारी घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत; उन्हाळ्यात त्या प्लास्टिकला पाहुण्याची पाठ चिकटते, पण कोच नवा राहतो. कोणासाठी नवा राहतो हे कोणी विचारीत नाही.

माझ्या परिचयाच्या एका घरी सुनेने पहिल्या पगारातून सासूबाईंसाठी मिक्सर आणला. सासूबाईंना त्याचे अतोनात कौतुक. त्यांनी स्वतः बसून त्याला फुलाफुलांच्या छिटाची खोळ शिवली, आणि “सणावाराला काढू” असे म्हणून तो फळीवर ठेवला. सण येत गेले. सणाच्या दिवशी नेमकी घाई असे, आणि घाईत नवे यंत्र नको म्हणून पुन्हा पाटाच उभ्याचा आडवा होई. पुढे त्यांचे मनगट दुखू लागले, तरी “हाताला चवच निराळी” असे म्हणून त्या वाटीत राहिल्या. त्या गेल्या तेव्हा खोळीखालचा मिक्सर नवा कोरा होता, भांड्याच्या पात्याला हळदीचा रंगसुद्धा लागलेला नव्हता. घरातील कोणी ही गोष्ट त्यांच्या काटकसरीची म्हणून सांगतात. मला त्यात काटकसर दिसत नाही. ज्या मनगटासाठी ते यंत्र आले होते ते मनगट झिजले आणि यंत्र वाचले. जपण्याचा क्रमच उलटा झाला. त्या बाईंना मी दोष देत नाही. चांगली वस्तू आपल्यासाठी नसते, ती कोणातरी अधिक योग्य माणसासाठी आणि अधिक योग्य दिवसासाठी असते, असे ज्या पिढीतील स्त्रियांना लहानपणापासून शिकवले गेले, त्यांनी आणखी काय करावे? खोळ त्यांनी यंत्रावर घातली होती, परंतु तिच्याखाली त्यांची स्वतःविषयीची समजूत झाकलेली होती.

उपयोगाचा हक्क आणि राखण्याचे कर्तव्य ही दोन्ही एकत्रच येतात, असे रोमन कायदेपंडितांप्रमाणे मानले, तर राखून न वापरणारा मनुष्य अर्धा करार मोडतो हे उघड आहे. पुण्याच्या पेशवे दप्तराचे उदाहरण येथे बोलके आहे. जुने कागद कापडात बांधून ठेवण्याची आपल्याकडे चाल होती आणि त्या गाठोड्यांना रुमाल असेच म्हणत. त्या कापडाने कागद राखले याबद्दल त्या कापडाचे उपकारच मानले पाहिजेत. पण ते नुसते राखलेले होते. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या देखरेखीखाली ते रुमाल सोडले गेले, कागद वाचले गेले, आणि १९३० ते १९३४ या काळात त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड बाहेर पडले, तेव्हा कुठे बांधणाऱ्याच्या श्रमाला अर्थ आला. गाठ सोडणारा आलाच नसता तर वाळवीने खाल्लेला कागद आणि रुमालात सुरक्षित राहिलेला कागद यांत वाचकाच्या दृष्टीने काय अंतर राहिले असते?

जपानी लोकांच्या चहाच्या विधीत चहाची पूड ठेवण्याच्या चिमुकल्या बरणीला रेशमी पिशवी शिवतात; तिला शिफुकु म्हणतात. ती पिशवी विधीच्या वेळी सर्वांसमक्ष सोडावयाची असते. तेथे आच्छादन काढणे हाही उपयोगाचाच एक भाग मानला आहे, ही गोष्ट मला फार आवडते. युरोपात याच्या उलट झाले. एकोणिसाव्या शतकात केसांना मकॅसर नावाचे तेल चोपडण्याची रूढी होती. खुर्च्यांच्या पाठी तेलकट होऊ नयेत म्हणून त्यांवर कापड टाकू लागले आणि त्याला अँटिमॅकॅसर हे नाव पडले. हळूहळू त्या कापडावर इतके नाजूक विणकाम होऊ लागले की डाग सोसण्यासाठी जे आले तेच डागापासून जपण्याची वस्तू होऊन बसले.

आणखी एक गोष्ट राहिली, आणि लेखांतून ती बहुधा राहूनच जाते. खोळ शिवतो कोण, आठवड्याला ती काढून धुतो कोण? पाट्यापुढील बैठक यंत्राने वाचवली. त्या वाचलेल्या वेळेतून यंत्राची, फ्रिजच्या मुठीची, गॅसच्या टाकीची आणि पाण्याच्या पिंपाची वस्त्रे धुण्याचे नवे काम निघाले, आणि ते त्याच हातांकडे गेले. घरातील पुरुषमंडळी ‘स्वच्छतेचे वळण’ म्हणून त्याची वाखाणणी करतात, आणि वाखाणणी करणाऱ्याने स्वतः साबण हाती घेतल्याचे उदाहरण विरळा. वस्तूंविषयी कृतज्ञता हे कर्तव्य असेल तर ते सर्वांचे असले पाहिजे. एकाची कृतज्ञता दुसऱ्याने धुऊन वाळत घालावी हा न्याय नव्हे. माप घेणे, कापणे आणि सरळ टीप मारणे हे बारा वर्षांच्या मुलाला शिकवता येते, मग तो मुलगा असो की मुलगी. चार कोपऱ्यांपैकी दोन बिघडतील. बिघडू द्यावेत.

एवढा विचार केल्यावर पुन्हा कात्री हाती घेतली तर खोळीच्या बेतातच काही फरक करावेसे वाटतात. तिला नाड्या, गुंड्या किंवा तळाशी रबरी पट्टी लावू नये. सोडावयास जितका वेळ, तितके न वापरण्याला निमित्त. माथ्यावर मधोमध चार बोटे मावतील असा कापडाचाच एक मजबूत पट्टा शिवावा, म्हणजे ओल्या हाताच्या घाईतल्या माणसालाही एका झटक्यात ती उचलता येते. मागच्या कडेला वायरीसाठी खाच ठेवावी. कडेला उरलेल्या १२ इंची पट्टीतून हा पट्टा निघून वर एक खिसाही होतो. त्यात जादा कपलर आणि भांडे निपटण्याची लहान रबरी पळी राहते. भरतकाम करू नये. अँटिमॅकॅसरची वाट तेथूनच सुरू होते. आणि कापड असे निवडावे की वाटणाचा शिंतोडा उडाला तर कोणाच्या काळजात धस्स होऊ नये. हळदीचा डाग साबणाने हटत नाही हे खरे, पण धुतलेली खोळ दोन दिवस कडक उन्हात टाकली की तो बराचसा उडून जातो. ती वाळेपर्यंत मिक्सर उघडाच राहील, आणि त्या दोन दिवसांत त्याच्यावर जी धूळ बसेल ती वाटणापूर्वी ओल्या फडक्याने पुसून टाकता येईल.